खोकल्यासोबत कामही सांगा

माळव्यातल्या पिढ्यांनी मंदसौरच्या पेन्सिलीने पाटीवर मुळाक्षरं गिरवली. ती पेन्सिल कापणाऱ्या कामगारांचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने 1985मध्ये प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस, म्हणजे दगडातल्या सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार, निघाला होता. पुढे झाबुआ, अलीराजपूर, धारचे आदिवासी मजूर गोध्रा परिसरातल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि तरुण वयातच धापा टाकत परतले. त्यांच्यापैकी 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे 2016मध्ये गुजरात सरकारला दिला.

कोळसा खाणीतही हाच धोका असतो. तिथला अपघात लपत नाही. डिसेंबर 1954मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरलं आणि साठहून अधिक कामगार दगावले. त्याची सरकारदरबारी नोंद आहे. धुळीचा आजार मात्र वर्षानुवर्षं मुकाट वाढतो. भूमिगत खाणीत कोळशाची भुकटी असतेच, शिवाय छताच्या दगडात भोकं पाडताना सिलिका उडते. पाच मायक्रॉनहून बारीक कण नाकाघशात अडकत नाहीत. ते थेट वायुकोशांत उतरतात आणि तिथे व्रण पाडतात. काम सुटल्यावरही आजार पुढे सरकू शकतो, आणि झालेले व्रण भरून काढणारं औषध नाही.

म्हणून दोन आठवड्यांहून जुना खोकला किंवा जिना चढताना लागणारी धाप घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा आजवर केलेलं प्रत्येक काम सांगा. खाण, क्रशर, फाउंड्री, फरशी कापणं, काहीही असो, अगदी सहा महिन्यांचं असलं तरी. एक्स-रेवर सिलिकोसिस आणि क्षयरोग सारखे भासू शकतात. सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय होण्याचा धोकाही अधिक असतो. त्यामुळे थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. क्षयाची औषधं घेऊनही धाप हटत नसेल, तर हाच इतिहास पुन्हा डॉक्टरांपुढे मांडा.

गूळ खाल्ला की धूळ निघून जाते, हा समज अजून पक्का आहे. गूळ पोटात जातो, धूळ असते फुफ्फुसात! तोंडाला बांधलेला गमछाही बारीक कण अडवत नाही. दगड ओला करून कापणं आणि धूळ ओढून घेणारं यंत्र हे खरे उपाय. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मास्क त्यानंतरचा. विडी-सिगारेट बंद करा. फ्लू आणि न्यूमोकोकलच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारा.

जुने एक्स-रे, हजेरी कार्ड, पगाराच्या पावत्या जपून ठेवा. कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्यात धुळीचे हे आजार व्यावसायिक म्हणून मान्य आहेत, आणि दावा करताना हेच कागद लागतात.

ओठ निळसर पडले, थुंकीतून रक्त आलं, छातीत अचानक कळ येऊन श्वास कोंडला, तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नका. इंदूरच्या एम. वाय. किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात तडक जा.