माती राखणारे गाव

पावसाळ्यात डोंगरउतारावरून धावणारे ओहोळ गढूळ दिसतात. तो गढूळपणा म्हणजे वाहून चाललेली आपली सुपीक माती होय. बोटभर जाडीचा मातीचा थर तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. तो नाहीसा होण्यास मात्र थोडेच पावसाळे पुरतात.

एखादा कष्टाळू शेतकरी आपल्या शेतास बांध घालील; परंतु वरचा डोंगर उघडाबोडका असेल, तर तेथून येणारा लोंढा तो बांध फोडून टाकील. पाणी कोणाच्याही शेताची हद्द जाणत नाही. म्हणून मृदसंधारण हे साऱ्या गावाचे काम आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने हे ओळखले. तेथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो सुमारे ४०० मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विसकटली. डोंगरावरील झाडी तुटली, विहिरी आटल्या आणि अनेक कुटुंबे पोटासाठी गाव सोडून गेली.

१९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढील काळात ग्रामस्थांनी श्रमदानाने व शासनाच्या साहाय्याने डोंगरावर समपातळीत चर खणले. अशा चरात पाणी पुढे धावत नाही. ते तेथेच थांबून जमिनीत मुरते आणि सोबत आणलेली माती खाली टाकते. डोंगरावर झाडे लावण्यात आली, ओढ्यांवर बंधारे बांधण्यात आले.

परंतु खणण्याहून संयम अवघड होता. ज्यांची उपजीविका गुरांवर, त्यांना चराईबंदी जड जाणारच! तथापि मोकळी चराई थांबल्यावाचून गवत वाढणार नाही, आणि गवताची मुळे नसतील तर माती कोण धरून ठेवील? म्हणून गुरे डोंगरावर न सोडता गवत कापून आणावे, असे ठरले. चराईबंदीबरोबरच कुऱ्हाडबंदी आली. उसासारखे फार पाणी पिणारे पीक न घेण्याचा आणि शेतीसाठी कूपनलिका न खणण्याचा निर्बंधही गावाने आपण होऊन पत्करला.

हळूहळू विहिरींना पाणी टिकू लागले. चारा वाढला, तसे दूधही वाढले. गाव सोडून गेलेली कित्येक कुटुंबे परतली. पावसाचा हिशेब मांडून पिके ठरविण्याची प्रथा पडली.

सातबाऱ्यावर जमीन ज्याच्या त्याच्या नावे असते. ती राखण्याची जबाबदारी मात्र सर्वांची आहे. विद्यार्थ्यांनो, आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी येत्या पावसात अवश्य पाहा. ते गढूळ असेल, तर ती माती कोठून येते याचा उगमापर्यंत शोध घ्या.