बोटीचे वाटे ठरतात, मग घरचे का नाहीत? आई-वडिलांच्या हयातीतच करायची कामं



जेटीवर मासळी विकली की वाटे कसे पडणार हे आपल्याला पाठ असतं. डिझेल-बर्फाचा खर्च आधी बाजूला, मग बोटीचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशांचे वाटे. हे समुद्रात जाण्याआधीच ठरलेलं असतं, म्हणून तंटा होत नाही. पण बाबांच्या पश्चात बोट कोणाची, आणि आई-बाबा थकल्यावर त्यांना बघणार कोण, हे मात्र आपण कधीच ठरवत नाही. कोणी विषय काढलाच तर ऐकावं लागतं, "बापूस जिवंत असताना वाटणीच्या गोष्टी करतोस?"

आपल्याच एका सभासदाच्या घरची गोष्ट, नाव नको. वडील अचानक गेले. ट्रॉलरची नोंदणी, मासेमारी परवाना, कर्ज, सगळं त्यांच्या नावावर. धाकट्याकडे वडिलांचं मुखत्यारपत्र होतं, त्याला वाटलं त्यावर काम चालेल. पण मुखत्यारपत्र ते देणाऱ्या माणसाबरोबरच संपतं. थोरला आणि लग्न झालेली बहीण यांच्या सह्या जमेपर्यंत ट्रॉलर अख्खा हंगाम किनाऱ्यावर पडून राहिला. हप्ते काही थांबले नाहीत. आई एक महिना ह्याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. आणि निम्मा ट्रॉलर मुळात आईचाच होता, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं!

म्हणून आज ही माहिती, सोप्या भाषेत.

१. निम्मं आईचं असतं
गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा चालत आला आहे. वारसा आणि मृत्युपत्राच्या बाबतीत आता राज्याचा स्वतःचा कायदा आहे, तो २०१६ पासून लागू झाला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. बोट कोणाच्याही नावावर असो, निम्मी तिची, निम्मी त्याची. संसारासाठी काढलेलं कर्जही तसंच दोघांचं. म्हणूनच घर विकायचं किंवा गहाण टाकायचं तर दोघांच्याही सह्या लागतात.

२. मुलगी वारस असतेच
लग्न झालं म्हणून मुलीचा हक्क जात नाही. मुलगा-मुलगी समान. आणि बाबांच्या मनात आलं म्हणून सगळंच एकाला देता येत नाही. त्यांच्या हिश्शातला अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. उरलेला अर्धाच ते मृत्युपत्राने हव्या त्याला देऊ शकतात.

हिशेब करून बघू. घर, ट्रॉलर आणि ठेवी मिळून ४० लाख, कर्ज नाही. मुलं तीन. बाबा गेले तर २० लाख आईचे स्वतःचे. बाबांच्या २० लाखांपैकी १० लाख तिन्ही मुलांना सारखे. राहिलेले १० लाख मृत्युपत्रात लिहिलं असेल त्याला. मृत्युपत्रच नसेल तर तेही तिघांत सारखे. म्हणजे बाबांबरोबर वीस वर्षं समुद्रात गेलेल्या मुलाला त्या कष्टांचं वेगळं काही मिळत नाही. त्याला थोडं जास्त द्यावं असं बाबांना वाटत असेल, तर त्यांनी ते लिहूनच ठेवायला हवं.

३. मृत्युपत्र साध्या कागदावर नको
दोन साक्षीदार घेऊन वहीच्या पानावर लिहिलेल्या मृत्युपत्रावर गोव्यात विसंबू नका. इथे ते विशेष नोटरीसमोर करतात. तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार कार्यालयात चौकशी करा. बाहेरच्या राज्यातून येऊन इथे काम करणाऱ्या सभासदांना त्यांच्या राज्याचा कायदा लागू असू शकतो, त्यांनी तिकडच्या वकिलाला विचारावं.

४. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे
बँकेत किंवा सोसायटीत नॉमिनी लावला की काम संपलं असं पुष्कळांना वाटतं. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, पण ते सगळ्या वारसांच्या वतीने. तरीही नॉमिनी लावाच, निदान पैसे अडकून तरी पडत नाहीत.

५. सगळं आधीच देऊन टाकू नका
हे आई-बाबांसाठी. मायेपोटी घर मुलाच्या नावावर करून मोकळं होऊ नका. बक्षीसपत्र करायचंच असेल तर दोन गोष्टी त्यात लिहून घ्या. एक, हयात असेपर्यंत आम्ही दोघं इथेच राहणार. दुसरी, जेवणखाण आणि औषधपाणी मुलाने बघायचं. अशी अट लिहिलेली असेल आणि मुलाने ती पाळली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अट नुसती तोंडी असेल तर सिद्ध करणं फार अवघड जातं.

याच कायद्याखाली आई-वडील मुलांकडून पोटगीही मागू शकतात. ती महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मिळू शकते, आणि त्यासाठी वकील करावाच लागत नाही. पण तिथवर वेळ यायलाच नको, खरं ना?

६. सांभाळण्याचेही वाटे पाडा
जो घरात राहतो तो सगळं करतो आणि बाकीचे फोनवरून सल्ले देतात, हे नेहमीचंच. बसून ठरवा. औषधं कोण आणणार, दवाखान्यात कोण नेणार, दूर राहणारा महिन्याला किती पाठवणार. दुबईला किंवा जहाजावर असलेला भाऊ सोबत राहू शकत नाही, पण पैसे पाठवू शकतो. आणि आईला रोज न्हाऊ-जेवू घालणाऱ्या सुनेच्या कष्टांचीही या हिशेबात मोजदाद व्हायला हवी. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ते कार्ड आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज झाला आहे का, तेही बघा.

आता सुरुवात कधी करायची? १ जून ते ३१ जुलै बंदी असते. ट्रॉलर वर ओढलेला, जाळी विणायला अंगणात पसरलेली, सगळे घरात. त्यातली एक संध्याकाळ यासाठी ठेवा. बोटीची नोंदणी, परवाना, विमा, कर्जाचं पुस्तक, घराचे कागद, मुंडकारीचं घर असेल तर त्याचे कागद, सगळं एका पिशवीत घाला आणि ती पिशवी कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना सांगा. बहिणीलाही बोलवा. आणि सुरुवात वाटणीपासून करू नका. आधी आईला विचारा, "आई, तुला कुठे राहायचंय?" पुढची बोलणी मग सोपी होतात.

फाटकं जाळं आपण समुद्रात टाकत नाही. आधी शिवतो, मग टाकतो. घराचंही तसंच करूया.