नदीकाठचे तीन साक्षीदार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्यभागातून मिसिसिपी ही महानदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत जाते. मिसूरी नदी तिला जेथे मिळते, तेथून थोडे खाली, पश्चिम तीरावर सेंट लुईस हे शहर वसले आहे. १७६४ साली फ्रेंच व्यापाऱ्यांनी येथे ठाणे वसविले व फ्रान्सचा राजा नववा लुई याचे नाव त्यास दिले. १८०३ साली संयुक्त संस्थानांनी हा मुलूख फ्रान्सकडून विकत घेतला. तेव्हापासून हे शहर पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाशांचे जणू प्रवेशद्वारच झाले. या शहराच्या नदीकाठी तीन वास्तू आजही त्याचा इतिहास सांगत उभ्या आहेत.

पहिली वास्तू म्हणजे उंच घुमटाचे जुने न्यायमंदिर. त्या काळी या प्रांतात गुलामगिरी कायदेशीर होती. गुरांप्रमाणे माणसांची खरेदी-विक्री होई. ड्रेड स्कॉट हा असाच एक गुलाम. त्याच्या धन्याने त्याला काही वर्षे गुलामगिरी नसलेल्या प्रदेशात नेऊन ठेवले होते. “मी तेथे राहिलो, तेव्हा मी स्वतंत्र आहे,” असे म्हणून १८४६ साली त्याने व त्याची पत्नी हॅरिएट हिने न्यायालयात दाद मागितली. १८४७ साली निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. त्यांनी धीर सोडला नाही. १८५० साली याच न्यायमंदिरात पंचांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. पण १८५२ साली प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला. अखेर १८५७ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निग्रो गुलामांचे वंशज या देशाचे नागरिकच होऊ शकत नाहीत! या अन्यायाने सारा देश ढवळून निघाला. त्याच वर्षी स्कॉट कुटुंब ज्यांच्या ताब्यात आले, त्यांनी त्याला मुक्त केले. परंतु पुढच्याच वर्षी ड्रेड स्कॉट मरण पावला. १८६५ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. ज्या इमारतीच्या पायऱ्यांवर एके काळी गुलामांचे लिलाव होत, तिच्यासमोर आज ड्रेड व हॅरिएट यांचा पुतळा उभा आहे.

दुसरी वास्तू म्हणजे ईड्स पूल. तेरा वर्षांचा जेम्स ईड्स १८३३ साली आईबरोबर या शहरी आला, तेव्हा त्यांची आगबोट जळून सर्व चीजवस्तू नष्ट झाली. त्याने रस्त्यावर सफरचंदे विकली, दुकानात नोकरी केली व धन्याची पुस्तके वाचून विद्या मिळविली. पुढे बुडालेल्या बोटींतील माल काढण्याचा धंदा करताना तो नदीच्या तळावर स्वतः उतरला. तळाची वाळू सतत सरकते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. म्हणून पुलाचा पाया खडकावरच घालावयाचा, असा त्याने निश्चय केला.

परंतु पाण्याखाली खणावयाचे कसे? रिकामा पेला पालथा करून पाण्यात सरळ दाबला, तर आतील हवा पाण्यास वर येऊ देत नाही. याच युक्तीने अवजड पेट्या पालथ्या बुडवून, त्यांत दाबाची हवा भरून मजूर आत खणू लागले. पण दाबातून एकदम बाहेर आल्याने रक्तात वायूचे बुडबुडे होतात, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. सांधे आखडून कित्येकजण आजारी पडले. दहाहून अधिक मजूर दगावले. पूल तयार झाल्यावर त्यावरून एक हत्ती चालविण्यात आला. कारण कच्च्या पुलावर हत्ती पाऊल ठेवीत नाही, असा लोकांचा समज होता. हत्ती डौलाने पार गेला! मग चौदा आगगाडीची एंजिने पुलावर नेऊन त्याची परीक्षा घेतली आणि ४ जुलै १८७४ रोजी पूल खुला झाला. पोलादाच्या त्याच्या तीन कमानी आजही वाहतूक पेलीत आहेत.

तिसरी वास्तू म्हणजे गेटवे कमान. ईरो सारिनेन या शिल्पज्ञाने तिची कल्पना रेखाटली. पण ती पुरी झालेली पाहण्यास तो जगला नाही. साखळीची दोन टोके धरली, की ती खाली जशी झोल घेते, तशीच आकृती उलटी करून ही कमान उभारली आहे. तिची उंची ६३० फूट व पायांमधील अंतरही तेवढेच. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अखेरचा तुकडा बसवावयाचा होता. उन्हाने एक बाजू प्रसरण पावू नये, म्हणून आगीच्या बंबांनी तिच्यावर पाणी मारीत राहावे लागले!

या स्मारकासाठी नदीकाठच्या अनेक जुन्या इमारती पाडण्यात आल्या. १८३४ चे प्रार्थनामंदिर मात्र राखले गेले. कमान पाहून डोळे दिपतात, पूल पाहून बुद्धीचे कौतुक वाटते. पण न्यायमंदिराच्या पायऱ्यांशी मान आपोआप खाली होते. शहराने आपले वैभव जपावे, तशी आपली चूकही जपावी. म्हणजे ती पुन्हा होत नाही.

स्वाध्याय
१. ड्रेड स्कॉटने कोणत्या कारणाने स्वातंत्र्य मागितले?
२. नदीच्या तळाचा अनुभव ईड्सला कसा उपयोगी पडला?
३. पालथ्या पेल्याचा प्रयोग घरी करून पाहा व चार वाक्यांत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : दाद मागणे, कौल देणे, डोळे दिपणे.