संत्र्याच्या कलमावरील खुंटाचे फुटवे

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड ह्या भागांतील मुलांस संत्र्याचे झाड नवे नाही. शाळेच्या वाटेवर दोन्ही अंगांस बागाच असतात. परंतु जे झाड ती एक समजतात, ते वस्तुतः दोन झाडे मिळून झालेले असते, ही गोष्ट पुष्कळ मुलांच्या ध्यानी आलेली नसते. पाठाचा आरंभ येथूनच करावा.

संत्र्याचे कलम करावयाचे म्हणजे प्रथम जंबेरीच्या अथवा रंगपूर लिंबाच्या बियांपासून रोप वाढवितात. ह्या रोपास खुंट म्हणतात. खुंट शिसपेन्सिलीएवढा जाड झाला म्हणजे त्याच्या सालीस चीर देऊन चांगल्या मातृवृक्षावरील संत्र्याचा एक डोळा तीत बसवितात व पट्टीने बांधतात. डोळा जगला, फुटला, की त्याच्या वरचा खुंटाचा शेंडा छाटून टाकतात. पुढे जोडाच्या वर जे वाढते ते संत्र्याचे. जोडाखाली जे राहते ते, मुळांसकट, जंबेरीचे. जंबेरी जोमदार व काटक असते, म्हणून तिची मुळे घ्यावयाची. फळ मात्र संत्र्याचे हवे.

खुंटाचा शेंडा छाटला तरी त्याच्या सालीतील निद्रिस्त डोळे मरत नाहीत. पाऊस पडला, आळ्यात ओल आली, की ते जागे होतात आणि जोडाखालून सरळ, लुसलुशीत फुटवा निघतो. नवख्या माणसास तो पाहून आनंदच होतो. मुलांचे तर विचारूच नये: कलमावरील सर्वांत तजेलदार फांदी कोणती असे विचारले, तर ती बहुधा ह्याच फुटव्याकडे बोट दाखवितील. फुटवा मुळांस अधिक जवळ असतो. पाणी व अन्नरस ह्यांचा मोठा वाटा तोच ओढून घेतो. वरचा संत्रा प्रथम खुरटतो, मग फुटव्याच्या सावलीत पडतो आणि शेवटी वाळतो. झाड हिरवेगार दिसत असते, म्हणून संशय येत नाही. संत्र्यास फळ धरावयास चार-पाच वर्षे लागतात. तितकी वर्षे खत-पाणी घालून शेवटी खडबडीत सालीची आंबट फळे हाती आली, तर शेतकऱ्याची ती वर्षे कोणी परत देत नाही.

फुटवा ओळखताना पान पाहण्याआधी जागा पाहावी. जोड जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर असतो. तेथे खोडास किंचित बाक असतो, साल वर एका पोताची व खाली दुसऱ्या पोताची दिसते, आणि छाटलेल्या खुंटाची भरून आलेली खूणही आढळते. ह्या जोडाखालून अथवा मातीतून जे निघाले ते खुंटाचे. तेथे वाद नाही. पावसाळ्यापूर्वी व नंतर बागाईतदार खोडांस बोर्डो मलम लावतात, त्यामुळे जोड झाकला जातो. अशा वेळी बोटाने चाचपून तो शोधावा.

जागेचा निर्णय झाल्यावर पानाची साक्ष काढावी. जंबेरीची कोवळी पालवी जांभळट असते, संत्र्याची हिरवी. जंबेरीचे जून पान अधिक रुंद व फिकट असते आणि चुरगळले असता लिंबाचा वास येतो. फूल आलेच, तर जंबेरीच्या पाकळ्यांस बाहेरून जांभळी छटा असते; संत्र्याचे फूल शुभ्र असते. काट्यावर मात्र एकट्यावर भिस्त ठेवू नये. संत्र्याच्या जोमदार सरळ फांद्यांसही काटे येतात. अशा फांद्यांस पाणसोट म्हणतात. त्या जोडाच्या वर असतात व जातीने संत्र्याच्याच असतात. काटे पाहून त्या खुंटाच्या ठरविणे ही नेहमी होणारी चूक होय.

फुटवा जितका कोवळा तितके काम सोपे. बोटभर लांबीचा असेल तर अंगठ्याने खाली दाबून मुळापासून उपटावा. असे केल्याने बुडाशी असलेले लहान डोळेही त्याबरोबर निघून येतात. लाकूड धरलेला फुटवा ओढू नये, साल फाटते. तो धारदार सिकेटरने खोडालगत कापावा व थुटका ठेवू नये. थुटक्यावरून एकाचे चार फुटतात. मातीतून आलेला फुटवा जमिनीलगत कापणे म्हणजे त्यास छाटणी देणेच होय. माती हलकेच बाजूस सारून तो जेथून निघाला तेथेच काढावा व माती पूर्ववत करावी. मोठ्या जखमेस बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. ते लोखंडी भांड्यात करू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये.

खुरप्याचा किंवा वखराचा घाव खुंटास लागला, तरी त्या जागेभोवती फुटवे येतात. म्हणून आळ्यातील गवत हातानेच काढणे बरे. कलम खोल लावून जोड मातीत गाडला गेला, तर फुटवा कोठून आला हे कळतच नाही, शिवाय डिंक्या रोगासही वाट मिळते.

एक अपवाद सांगावयास हवा. जोडाच्या वरचा संत्रा पूर्ण वाळला असेल, तर सगळे फुटवे काढण्यात अर्थ नाही. नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवे नसेल, तर सर्वांत सरळ असा एक फुटवा राखून बाकीचे काढावेत. तो पुरेसा जाड झाला की जाणत्या माणसाकडून त्यावर पुन्हा संत्र्याचा डोळा बांधून घेता येतो. लागवडीचे वर्ष वाया गेले तरी मुळे हाताशी राहतात.

प्रत्यक्ष पाठासाठी पावसाळ्यात, मालकाची परवानगी घेऊन, एक-दोन वर्षांच्या बागेत मुलांस न्यावे. प्रथम कोणीही काही तोडू नये. प्रत्येक गटाने एका कलमाचा जोड शोधून त्यावर रंगीत दोरा सैल बांधावा आणि दोऱ्याच्या खालचे व वरचे फुटवे वहीत वेगवेगळे लिहावेत. वह्या तपासल्यावरच काढणीस आरंभ करावा. काही फुटवे उपटून, काही खोडालगत कापून काढावेत व त्यांची नोंद ठेवावी. पंधरा दिवसांनी त्याच झाडांकडे जावे आणि कोणत्या जागी पुन्हा पालवी आली आहे, हे मुलांनीच शोधून सांगावे.