गाडीला विजेचा सुपरचार्जर बसवण्याआधी

विद्युत सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जाणारी हवा विजेच्या मोटरने दाबून भरणारा पंखा. साध्या इंजिनात पिस्टन खाली उतरला की सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरची हवा स्वतःच्या दाबाने आत शिरते, म्हणजे वातावरण देईल तेवढीच हवा मिळते. टर्बोचार्जर ही हवा एक्झॉस्टच्या जोरावर वाढवतो, पारंपरिक सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरून पट्टा घेऊन वाढवतो. विजेच्या प्रकाराला यातले काहीच लागत नाही, दोन पाइप आणि दोन वायरी जोडल्या की काम झाले असे वरवर दिसते. हौशी माणसाला मोह पडतो तो इथेच. पाच माणसे, सामान आणि चालू एसी घेऊन १.२ लिटरची हॅचबॅक खंबाटकीच्या घाटाला लागली की दुसऱ्या-तिसऱ्या गियरवर रडायला लागते, आणि मग बारा व्होल्टवर चालणारा, स्वस्तातला ‘टर्बो फॅन’ डोळ्यांसमोर नाचू लागतो.

पाने-पकडी हातात घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. १.२ लिटरचे चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर हा हिशेब सेकंदाला ६० लिटरचा होतो; सिलिंडर पूर्ण भरत नाही म्हणून प्रत्यक्षात ५० लिटर धरावे. आता पन्नास वॉटचा पंखा घ्या. बोटीच्या इंजिनाच्या खोलीतली वाफ बाहेर काढायला असतो, तसा. त्याची सगळीच्या सगळी वीज दाबात उतरली, वाटेत काहीच वाया गेले नाही, तरी सेकंदाला ५० लिटर हवेवर तो १,००० पास्कलपेक्षा जास्त दाब निर्माण करू शकत नाही. वातावरणाचा दाब आहे सुमारे १,००,००० पास्कल. म्हणजे आदर्श पंख्याकडूनही एक टक्का, आणि खरा पंखा त्याच्या निम्मेही देत नाही. इंजिन जोरात फिरू लागले की त्याची पाती हवेच्या वाटेतला अडथळाच ठरतात. असे पंखे विकणाऱ्यांच्या जाहिरातीतले अश्वशक्तीचे आकडे या एका भागाकारापुढे टिकत नाहीत.

व्हॅक्यूम क्लीनरची मोटर ही यापुढची पायरी. तिच्या खोक्यावर २०,००० पास्कलच्या आसपासचा आकडा असतो, पण तो नळीचे तोंड बंद करून, हवा वाहत नसताना मोजलेला असतो. नळी उघडून पूर्ण हवा सोडली की दाब कोसळतो. शिवाय यातल्या बऱ्याच मोटरींत ओढलेली हवाच मोटरीच्या आतून, कार्बन ब्रशवरून फिरून जाते. ब्रशच्या ठिणग्या आणि क्रँककेसमधून इनटेकमध्ये परत येणारी पेट्रोलची वाफ एकाच पाइपात आणणे हा प्रयोग नव्हे, आगीला आमंत्रण आहे.

खरा दाब हवा असेल तर खरी शक्ती मोजावी लागते. वातावरणाहून ०.३ बार जास्त दाब, हे माफक लक्ष्य धरू. त्यातून इंजिनाची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने वाढू शकते. तेवढी हवा दाबायला, चांगल्या प्रतीचे कॉम्प्रेसर चाक धरूनही, शाफ्टवर सुमारे तीन किलोवॅट लागतात. मोटर आणि तिचा कंट्रोलर यांतली गळती धरली की बॅटरीतून साडेतीन किलोवॅट. बारा व्होल्टवर हा प्रवाह ३०० अँपियरच्या घरात जातो. छोट्या गाडीचा अल्टरनेटर पूर्ण जोर लावून एखादा किलोवॅट देतो, आणि त्यातूनच दिवे, एसीचा पंखा, इंधनपंप, इंजेक्टर चालवायचे असतात. म्हणून बोजा येतो बॅटरीवर. तिचा व्होल्टेज अशा वेळी खाली बसतो, इंधनपंप मंदावतो, आणि हवा वाढलेली असताना नेमके पेट्रोल कमी पडू लागते.

वायरिंगचीही तीच कथा. बॅटरी पुढे आणि मोटर तिच्यापासून दोन मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तांबे. ते १० चौरस मिलिमीटरचे घेतले तर ३०० अँपियरला दोन व्होल्ट वायरीतच खर्च होतात आणि सहाशे वॉटची उष्णता इन्सुलेशनखाली कोंडते. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका जोडणीत मोटर, चाक, पाइप सगळे नीट होते. वायर मात्र कारच्या म्युझिक सिस्टिमच्या अ‍ॅम्प्लिफायरची वापरली होती. दोन चढणींतच वायरीच्या टोकाच्या लगचा प्लास्टिकचा टोप मऊ होऊन ओघळला होता. अशा कामाला वेल्डिंगची ५० ते ७० चौरस मिलिमीटरची केबल, दाबयंत्राने बसवलेले लग आणि बॅटरीच्या अगदी टोकाशी फ्यूज हवा. फ्यूज मोटरीजवळ बसवणारे बरेच भेटतात. तिथे तो मोटरीला वाचवतो, पण मधली केबल बॉडीला घासून शॉर्ट झाली तर गाडीला वाचवत नाही.

मोटार-कंपन्यांनी हा तिढा सोडवला तो व्होल्टेज वाढवून. ऑडीने २०१६ मध्ये एसक्यू७ या गाडीच्या चार लिटर डिझेल इंजिनाला विजेवरचा कॉम्प्रेसर दिला. तो ७ किलोवॅटचा आहे, ४८ व्होल्टवर चालतो आणि पाव सेकंदात मिनिटाला ७०,००० फेऱ्यांपर्यंत पोचतो. त्याच्या जोडीला दोन टर्बो आहेतच. एक्झॉस्टचा जोर येईपर्यंतची पोकळी भरून काढणे एवढेच त्याचे काम. मर्सिडीजच्या २०१७ पासूनच्या तीन लिटर सहा सिलिंडर इंजिनातही हीच रचना आहे. एवढा पैसा आणि संशोधन हाताशी असलेल्यांनीही विजेचा कॉम्प्रेसर सतत चालवण्याचा मार्ग धरलेला नाही, यातच पुष्कळ काही आले. काही सेकंदांपुरता मात्र हिशेब जमतो. साडेतीन किलोवॅट दहा सेकंद म्हणजे जेमतेम दहा वॉट-तास. ही उधारी अल्टरनेटर मिनिटा-दीड मिनिटात फेडू शकतो. ओव्हरटेकला हे पुरते, पण खंबाटकीचा घाट दहा सेकंदांत संपत नाही.

वेगळी ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी, रिमोटच्या विमानांत वापरतात तशी ब्रशलेस मोटर आणि जुन्या टर्बोचे कॉम्प्रेसर चाक ही हौशी मंडळींची नेहमीची जुळणी. ०.३ बारसाठी चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या वर लागतो. ५० मिलिमीटर व्यासाच्या चाकाला त्यासाठी मिनिटाला सुमारे ८०,००० फेरे घ्यावे लागतात. या वेगाला साध्या बेअरिंग टिकत नाहीत आणि चाकाचा तोल अणुमात्र ढळलेला चालत नाही. थ्री-डी प्रिंटरवर छापलेले पीएलए प्लास्टिकचे चाक तर कदापि बसवू नये. हे प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडते आणि दाबलेली हवा त्याहून गरम असते: ३० अंशांची हवा ०.३ बार दाबताना जवळपास ७० अंशांवर जाते. चाक फुटले तर तुकडे त्याच्या फिरण्याच्या प्रतलात बाहेर उडतात. म्हणून टेबलावर चाचणी घेताना त्या रेषेत कुणी उभे राहू नये, आणि आवरण लोखंडाचे किंवा जाड अ‍ॅल्युमिनियमचे असावे. लिथियमच्या सेलना इंजिनाशेजारी जागा देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

मोटर बंद असताना इंजिनाने श्वास घ्यायचा कुठून, हा प्रश्न आराखड्यात हमखास राहून जातो. थांबलेले चाक म्हणजे घशात अडकलेला बोळाच. त्यासाठी शेजारून एकतर्फी झडप असलेली मोकळी वाट ठेवावी लागते. मोटर सुरू झाली की दाबाने झडप आपोआप मिटते. दाब थ्रॉटलपुढे मॅनिफोल्डमध्ये पोचला की आणखी तीन जागा तपासाव्या. क्रँककेसच्या वाफेची पीसीव्ही झडप उलटा दाब रोखते की नाही. रोखत नसेल तर दाब तेलाच्या टाकीत शिरून सील फोडतो. पेट्रोलच्या टाकीची वाफ साठवणाऱ्या डब्याची वाट. आणि ब्रेक बूस्टरची नळी: ब्रेकला मदत करणारी पोकळी याच मॅनिफोल्डमधून मिळते आणि तिच्या नळीतली एकतर्फी झडप जुनी, कडक झालेली असेल तर दाब बूस्टरमध्ये जातो. मग पुढच्या वळणावर पेडल दगडासारखे लागते. तिन्हींत हीच तपासणी सर्वांत आधी करावी.

जागा नाही म्हणून ब्लोअर बंपरच्या मागे खाली टांगण्याची पद्धत आहे. पावसाळ्यात एका तुंबलेल्या सबवेत तिथून पाणी ओढले गेले की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबले जात नाही.

आता इंजिनाची बाजू. वर सांगितलेला फुसका पंखा निदान निरुपद्रवी असतो. खरा धोका दाब तयार झाल्यावरच सुरू होतो. टर्बो नसलेल्या गाडीचा मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या थोडा वरपर्यंतच मोजतो. त्यापलीकडे हवा कितीही वाढली तरी इंजिनाच्या संगणकाला (ईसीयू) ती दिसत नाही, म्हणून पेट्रोलही वाढत नाही. मिश्रण पातळ होते, ज्वलनकक्ष तापतो. त्यात आजच्या छोट्या पेट्रोल इंजिनांचे कॉम्प्रेशन १० ते १२ पट, तेही बिनदाबाच्या हवेसाठी ठरवलेले. ठिणगीची ज्वाला पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटू लागते आणि नॉकिंग सुरू होते. नॉक सेन्सर असला तर तो ठिणगी उशिरा पाडून इंजिन सांभाळतो, पण मग वाढलेली ताकदही तिथेच गमावली जाते. तो कमी पडला की पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते किंवा हेड गॅस्केट जाते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन जास्त असल्याने नॉकिंगला थोडा आळा बसतो. मात्र तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते, त्यामुळे इंजेक्टरकडे शिल्लक कमी उरते. म्हणून मोठ्या मापाचा सेन्सर, पुरेसे इंजेक्टर, नव्याने बसवलेला इंधनाचा नकाशा आणि मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर एवढे सारे जमल्याशिवाय मोटरचे बटण दाबू नये. खर्चाचा मोठा भाग पंख्यात नसून इथे आहे.

काही फायदा झाला का, हे कानावर किंवा पाठीला लागणाऱ्या धक्क्यावर ठरवू नये. पंख्याचा आवाज आणि काढून टाकलेला एअर फिल्टर दोन्ही मनाला फसवतात. ओबीडी रीडर लावून तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर मॅनिफोल्डचा दाब पाहावा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने तिथे हवेचा दाबच सुमारे ९५ किलोपास्कल असतो, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. साधे इंजिन पुण्यात ९२-९३ दाखवते. पंखा लावून हा आकडा ९५ च्या वर गेला नाही, तर सुपरचार्जिंग झालेच नाही.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-ए खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात आड येतो.

तेव्हा रोजच्या वापराच्या गाडीवर हा उद्योग करू नये. शिकण्याची हौस असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारात निघालेले इंजिन आणावे, स्टँडवर बांधावे आणि त्यावर हवे तेवढे शिकावे. घाटासाठी ताकद हवी असेल तर आधी एअर फिल्टर, प्लग आणि क्लच पाहून घ्यावे, चढण लागण्याआधीच खालचा गियर टाकावा. एवढ्यावर भागत नसेल तर पुढची गाडी घेताना टर्बो पेट्रोल पाहावी; १.० ते १.२ लिटरची, कारखान्यातूनच टर्बो लावून आलेली इंजिने आता भारतात अनेक कंपन्यांच्या गाड्यांत मिळतात.