आधी पाणी, मग भिंत

अरे, गावचं घर दुरुस्त करायला घेतोयस, छान वाटलं. पण गवंड्याला बोलावण्याआधी एका जोरदार पावसात छत्री घेऊन घराभोवती फेरी मार. पाणी कुठून येतं ते जुलैतच दिसतं, मे महिन्यात नाही. आढ्यावरचं सरकलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, पागोळ्यांचे भिंतीवर उडणारे शिंतोडे, मागच्या बांधावरून झिरपणारं पाणी, सगळं टिपून ठेव.

जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. तो जमिनीतली ओल वर ओढतो आणि मोकळा असला तर वाऱ्यावर सोडूनही देतो. म्हणून आतून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट हे मला अजिबात मान्य नाही. ओल आत कोंडते, आणखी वर चढते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. असा गिलावा आधीच असेल तर जपून उतरव, चिरा फोडू नकोस.

खरं काम बाहेर आहे. वर्षानुवर्षं माती टाकून अंगण चढलेलं असतं, जोतं गाडलं जातं. ते निदान वीतभर उघडं कर, उतार घरापासून लांब दे, बांधाच्या बाजूला चर खण. भिंतीला चिकटून कोबा घालू नकोस, तिथे हातभर पट्टा खडीचा ठेव.

वाशांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे पेचकस टोचून बघ. सहज आत गेला तर तो वासा बदलायचाच.

मग थांब. भिंत सुकायला इंचाला महिना असा ढोबळ हिशेब आहे, आणि पावसाळ्याचे महिने त्यात धरायचे नाहीत. दीड फुटी भिंतीला दोन उन्हाळे तरी दे. गॅसची शेगडी लावून खोली सुकवायला जाऊ नकोस, गॅस जळताना वाफच सुटते. कोरड्या दुपारी खिडक्या समोरासमोर उघड. पांढरा लोणा फुटेल तो कोरड्या ब्रशाने झाडून बाहेर टाक. धुतलास तर मीठ पुन्हा भिंतीत मुरेल.

नवा गिलावा चुन्याचा कर, एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू. दिवाळीनंतर हात घाल, पातळ थर दे, ओल्या गोणपाटाने काही दिवस झाक. कपाटं मात्र कायमची भिंतीपासून चार बोटं लांब ठेव.