टायमिंग बेल्ट बदलताय? आधी एस्टिमेट नीट वाचा

चालत्या गाडीचा टायमिंग बेल्ट तुटला, तर बहुतेक इंजिनांत पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. बेल्ट वेळेवर बदललात तर काम काही हजारांत होतं. तुटल्यावर बिल साधारण ४०,००० रुपयांपासून सुरू होतं आणि लाखाच्या पुढेही जातं. हा खर्च विम्यातून मिळत नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत वगळलेले असतात, आणि ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर मुख्यतः इंजिनात पाणी शिरणं किंवा ऑइल गळणं यासाठी असतं.

पहिला प्रश्न: तुमच्या गाडीला बेल्ट आहे की चेन? केवळ गाडीच्या नावावरून ठरवू नका. अल्टो ८०० ला बेल्ट, अल्टो के१० ला चेन. जुन्या आय१० मध्ये १.१ इंजिनाला बेल्ट, १.२ ला चेन. जुन्या इनोव्हा २.५ डिझेलला बेल्ट, क्रिस्टा २.४ ला चेन. डस्टर डिझेल, पोलो आणि रॅपिड १.५ डिझेल, इकोस्पोर्ट डिझेल, जीप कंपास डिझेल, हॅरियर डिझेल या सगळ्यांना बेल्ट. स्विफ्ट डिझेलला चेन, त्यामुळे तिचा टायमिंग बेल्ट ‘बदलायला आलाय’ असं कुणी म्हणालं तर गाडी घेऊन सरळ बाहेर पडा.

कधी बदलायचा? गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. जे आधी येईल ते धरायचं. गाडीनुसार हा आकडा साधारण ६०,००० ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान असतो. गाडी फक्त रविवारी बाहेर निघते म्हणून बेल्ट जास्त टिकतो, असं नाही. रबर उभ्या गाडीतही जुनं होतं. ‘कव्हर उघडून बघितलं, अजून चांगला आहे’ यावर विसंबू नका. बेल्टवर ऑइल किंवा कूलंट गळत असेल, किंवा त्या बाजूने बेअरिंगचा घूं-घूं आवाज येत असेल, तर मुदतीची वाट पाहू नका.

आता खर्च. पुढचे आकडे अंदाजाचे आहेत. शहर आणि गॅरेजप्रमाणे बदलतील. छोट्या पेट्रोल गाडीला ४,००० ते ७,००० रुपये. डस्टर किंवा पोलोसारख्या डिझेलला बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये ११,००० ते १६,०००, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला १८,००० ते २५,०००. त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांना आणखी जास्त.

यात सगळ्यात महाग पडणारी काटकसर म्हणजे नुसता बेल्ट बदलणं. बेल्ट ज्यावर फिरतो तो टेन्शनर आणि आयडलर बेअरिंगही तेवढेच चाललेले असतात. बेअरिंग जाम झालं की नवा बेल्टही तुटतो. म्हणून पूर्ण किट घ्या. डस्टर आणि पोलो डिझेलमध्ये वॉटर पंपही याच बेल्टवर चालतो. तो आत्ताच बदला. सहा महिन्यांनी पंप गळायला लागला तर उजवीकडचं माउंटिंग सोडण्यापासून सगळं काम पुन्हा, आणि लेबरही पुन्हा तुमच्याच खिशातून.

एस्टिमेट लेखी घ्या आणि ओळ न ओळ वाचा. किट, पंप, कूलंट, लेबर या ओळी योग्य. काही गाड्यांत माउंटिंगचे आणि क्रँक पुलीचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते लावलेले असतील तर तो खर्च रास्त आहे. पण इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग यांचा या कामाशी काहीही संबंध नाही, खोडायला सांगा. ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणून मोघम रक्कम लावली असेल तर त्यात काय काय आहे ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के आहे. २८ टक्के लावलेला दिसला तर बिल परत करा.

किट स्वतः आणायचं असेल तर पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस परिसर. आरसीची प्रत सोबत न्या, कारण चासी नंबरावरून नेमका भाग ठरतो. गेट्स, कॉन्टिटेक, एसकेएफ, आयएनए हे नावाजलेले ब्रँड. पाकीट सीलबंद हवं, बिल पक्कं हवं. मात्र किट तुम्ही आणलंत तर गॅरेजवाला कामाची हमी देईल का, हे आधी विचारून घ्या.

काम अर्ध्या ते एका दिवसाचं. सकाळी पहिली अपॉइंटमेंट घ्या. गाडी देताना दोनच गोष्टी विचारा. या इंजिनाचं लॉकिंग टूल आहे का? ‘खुणा करून बसवतो’ हे उत्तर डिझेलसाठी मला तरी चालत नाही. दुसरं: बेल्ट चढवल्यावर, स्टार्टर मारण्याआधी, क्रँकला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवणार ना? टायमिंग चुकलं असेल तर पाना मध्येच अडतो किंवा खुणा जुळत नाहीत, आणि नुकसान तिथेच टळतं. शक्य असेल तर या वेळी समोर उभे राहा. जुना बेल्ट आणि बेअरिंग परत मागून घ्या. बिलावर किलोमीटर आणि भागांचे नंबर लिहून घ्या.

जुनी गाडी घेताय? ‘बेल्ट बदललाय’ एवढ्यावर समाधान मानू नका. हजारभर रुपयांचं बिल बहुधा बाहेरच्या, अल्टरनेटर-एसीच्या बेल्टचं असतं. ‘टायमिंग बेल्ट किट’ असं लिहिलेलं बिल नसेल, तर बदललेला नाही असंच धरा आणि किमतीतून तेवढी रक्कम कमी करून मागा.

गाडी रस्त्यातच बंद पडली आणि स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरत असेल, तर पुन्हा चावी मारू नका, धक्का स्टार्टही नको. टो करूनच न्या. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का आणि किती किलोमीटरपर्यंत टोइंग फुकट आहे, हे आजच पाहून ठेवा.

काम बिघडवलं आणि गॅरेज ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. मुदत २ वर्षांची आहे.